मराठी पुस्तकाची पीडीएफ फॉरवर्ड करताय? आधी कॉपीराइट समजून घ्या

"कुणाकडे या पुस्तकाची पीडीएफ आहे का?" हा मेसेज प्रत्येक ग्रुपवर येतोच. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी तर त्याच्याही पुढे गेलो होतो. इकडून तिकडून चाळीसेक मराठी पुस्तकांच्या पीडीएफ गोळा केल्या आणि मोफत वाचनाचं अ‍ॅपच बनवलं. मराठीची सेवा करतोय असं वाटत होतं. दोन महिन्यांनी एका दिवंगत लेखिकेच्या मुलीचा ईमेल आला. आईच्या पुस्तकाची नवी आवृत्ती नुकतीच निघाली होती. "एकदा विचारायचं तरी," एवढंच त्यांनी लिहिलं होतं. त्याच रात्री अ‍ॅप काढून टाकलं आणि पहिल्यांदा कायदा वाचायला घेतला. तेव्हा जे कळलं ते इथे सांगतो.

बौद्धिक संपदा म्हणजे काय?

माणसाच्या डोक्यातून तयार झालेल्या गोष्टीवरचा हक्क. तुमच्या फोनचंच उदाहरण घ्या. त्यातल्या नव्या तंत्रावर पेटंट असतं, ते भारतात अर्ज केल्यापासून २० वर्षं चालतं. कंपनीचं नाव आणि लोगो म्हणजे ट्रेडमार्क, त्याचं दर १० वर्षांनी नूतनीकरण करता येतं. आणि गाणी, फोटो, पुस्तकं, अ‍ॅपचा कोड यांच्यावर असतो कॉपीराइट. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तुम्ही कविता लिहिली की हक्क आपोआप तुमचा.

पुस्तक सगळ्यांसाठी खुलं कधी होतं?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या पुस्तकावरचा हक्क त्याच्या हयातभर आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे:

• साने गुरुजी: मृत्यू १९५०, हक्क २०१० अखेर संपला. 'श्यामची आई'चा मूळ मजकूर खुशाल शेअर करा.
• आचार्य अत्रे: मृत्यू १९६९, हक्क २०२९ अखेरपर्यंत.
• पु. ल. देशपांडे: मृत्यू २०००, हक्क २०६० अखेरपर्यंत.

एक गोची लक्षात ठेवा. जुन्या पुस्तकाला जोडलेली नवी प्रस्तावना, नवी चित्रं किंवा नवा अनुवाद यांचा हक्क वेगळा असतो. गाण्यांचंही तसंच. तुकोबांचे अभंग सगळ्यांचे आहेत, पण एखाद्या गायकाचं रेकॉर्डिंग प्रकाशित झाल्यावर त्यावर ६० वर्षं स्वतंत्र हक्क असतो. म्हणून अभंग लावलेल्या रीलवरही कॉपीराइट क्लेम येऊ शकतो.

"मी तर पैसे घेत नाही!"

माझाही हाच युक्तिवाद होता. कायद्याच्या कलम ५२ मध्ये स्वतःचा अभ्यास, संशोधन, समीक्षा यांसाठी सवलत आहे. परीक्षण लिहिताना एखादा उतारा दिला तर चालतं. २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतल्या भागांची झेरॉक्स काढून देणंही शिकवण्याच्या सवलतीत धरलं होतं. पण अख्खं पुस्तक शेकडो लोकांच्या ग्रुपवर टाकणं यात बसत नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. कमाईसाठी केलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, पण गुन्हा हा गुन्हाच.

मग पुस्तक मिळतच नसेल तर?

ही अडचण खरी आहे. कितीतरी चांगली मराठी पुस्तकं वर्षानुवर्षं छापलीच जात नाहीत. पण पुस्तक बाजारात नाही म्हणून त्यावरचा हक्क संपत नाही. आधी गावातलं वाचनालय बघा, जुन्या पुस्तकांच्या दुकानात विचारा. हक्क संपलेली पुस्तकं मराठी विकिस्रोतवर मोफत वाचता येतात. आणि प्रकाशकाला एक मेल टाका. चार वाचकांनी मागणी केली, तर नव्या आवृत्तीचा विचार तरी होतो.

माझं अ‍ॅप पुढे पुन्हा सुरू झालं, फक्त हक्क संपलेल्या पुस्तकांचं. त्या ताईंना माफीचा मेल केला आणि भीतभीतच विचारलं, "आईंची एखादी कथा ठेवू का?" दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: एक कथा ठेवा, फक्त आईचं नाव नीट लिहा.

पुढची पीडीएफ फॉरवर्ड करण्याआधी लेखक कधी वारला, एवढं तरी गूगल करा. हयात असेल, तर मग विचाराच.