जोड आणि राखण

डहाणूच्या पूर्वेला गंजाड आहे. जिव्या सोमा म्हसे यांच्या वारली चित्रांमुळे या गावाचं नाव जगभर गेलं. याच गावातली काही मुलं आता दारं-खिडक्या बसवायची कामं करतात. वीज न पोचलेल्या बांधकामावर त्यांना बॅटरीवरच्या ड्रिल मशीनचाच आधार. पण एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही. मग मध्ये प्लॅस्टिकचा छोटासा अडॅप्टर येतो. ‘काका, बॅटरी अठरा व्होल्टची, मशीन वीसची. चालेल का?’ एकाने मला विचारलं. मी कवी माणूस, विजेतलं मला काय कळणार? पण मला आपली रेल्वे आठवली.

१९२८ साली कुलाबा ते बोरिवली विजेवरची लोकल सुरू झाली. तारेत १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. ही तार पुढे विरारपर्यंत आली. स्वातंत्र्यानंतर देशाने २५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह स्वीकारला आणि विरारच्या उत्तरेला, म्हणजे डहाणूकडे, तोच आला. एकाच रुळांवर दोन विजा! त्यावर उपाय म्हणून १९७५ पासून चित्तरंजनच्या कारखान्यात दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिनं तयार झाली. दोन तारांच्या मध्ये थोडं अंतर वीजच नसे. गाडी आपल्या वेगावर तेवढं अंतर ओलांडी, चालक यंत्रणा बदलून घेई. ही जोड दोन्ही बाजू ओळखून केलेली होती. पुढे २०१२ साली चर्चगेट-विरार मार्गही एसी झाला आणि १६ एप्रिल २०१३ रोजी लोकल डहाणू रोडला पोचली.

आता बॅटरीकडे येऊ. १९६१ साली ब्लॅक अँड डेकर कंपनीने बिनवायरीची ड्रिल आणली. लिथियमच्या बॅटऱ्या या अवजारांत आल्या २००५च्या सुमारास. अठरा आणि वीस हा वाद तसा नावापुरताच आहे. दोन्हींत पाच सेल एका ओळीत असतात. एका सेलचे नेहमीचे ३.६ व्होल्ट धरले तर अठरा, पूर्ण भरल्यावरचे चार धरले तर वीस.

खरा प्रश्न पुढेच आहे. सेल फार रिकामा झाला किंवा तापला तर मशीन थांबवायची कुणी? काही कंपन्यांत ही राखण बॅटरीतलं सर्किट करतं, काहींत मशीनमधलं. साधा अडॅप्टर वीज पोचवतो, इशारा पोचवत नाही. दोन्हीकडचा राखणदार गैरहजर राहिला की सेल मर्यादेबाहेर रिकामा होतो. असा सेल पुन्हा चार्ज करताना पेटूही शकतो.

म्हणून त्या मुलाला मी एवढंच सांगितलं: मशीनचा जोर कमी झाला की लगेच थांब, काम संपलं की अडॅप्टर काढून ठेव, आणि बॅटरी तिच्याच चार्जरवर लाव.

तरी या जुगाडाबद्दल त्याला दोष द्यायला माझं मन तयार होत नाही. दर मशीनला वेगळी बॅटरी घेणं हातावर पोट असलेल्याला परवडत नाही. २०१८ साली जर्मनीत मेटाबो कंपनीच्या पुढाकाराने काही कंपन्यांनी एकच बॅटरी वापरायचं ठरवलं. म्हणजे हे जमू शकतं. देशाच्या रुळांवर जे करता आलं, ते कारागिराच्या पिशवीतल्या अवजारांसाठीही व्हायला हवं.