फ्लेक्स नव्हते तेव्हा नांगर कसे विकले?

दिवाळी पुरवणीच्या जाहिराती गोळा करायचे दिवस आले की तालुक्याच्या पत्रकाराला पत्रकार म्हणू नये. आम्ही तेव्हा वसुली कारकून असतो. हातात दरपत्रक, काखेत पावती पुस्तक आणि तोंडावर ओळखीचं हसू. बातमीचा मोबदला नावापुरता आणि घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. वीस वर्षं हेच चाललंय. यात लपवण्यासारखं काही नाही, गावात सगळ्यांना माहीत आहे.

गेल्या दिवाळीत आमच्याच गावातल्या एका पोराकडून मी चौथाई पान घेतलं. पोरगा म्हणजे तिशीतला, आयटीआय झालेला. पुण्यातली नोकरी सोडून आला आणि एसटी स्टँडच्या मागं लाकडी घाणा टाकला. शेंगदाणा, करडई, खोबरं. माझी जाहिरात साडेचार हजारांची. त्याशिवाय त्याने चौकात दोन मोठे फ्लेक्स लावले होते, त्यात तेलापेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे. दिवाळी झाल्यावर राहिलेले पैसे मागायला गेलो. त्याने मोजून दिले आणि म्हणाला, "दादा, राग मानू नका. पण पेपर बघून एक बी गिऱ्हाईक आलं न्हाई."

राग आला नाही, लाज वाटली. कारण मला हे पैसे घेतानाच माहीत होतं. गाव केवढं, दुकान कुठं आहे ते शेंबड्या पोरालाही ठाऊक. लोकांचा प्रश्न एकच होता: किराणा दुकानात पिशवीतलं तेल मिळतं, मग इथं जवळजवळ दुप्पट पैसे का द्यायचे? माझ्या चौथाई पानात त्याचं उत्तर नव्हतं. त्यात त्याचा फोटो, फोन नंबर आणि 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा' एवढंच होतं.

त्या रात्री मला आमच्या जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीची गोष्ट आठवली. शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते, पण अर्धीच. आपण 'कष्टाने मोठे झाले' एवढं ऐकतो आणि पुढं जातो. माल खपवला कसा, हे कुणी सांगत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग त्यांना नीट ओळखू येत नाहीत असं निघालं आणि चित्रकार व्हायचं राहिलं. मग यंत्राची ड्रॉइंग शिकले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं. 1888 मध्ये बेळगावात भावाबरोबर सायकलचं दुकान काढलं. नंतर कडबा कापायचं यंत्र आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर.

नांगर चांगला होता, पण खपेना. पहिले नांगर विकले जायला दोनेक वर्षं लागली. शेतकऱ्याची समजूत अशी की लोखंडाने जमीन नासते, विषारी होते. आज आपल्याला हसू येईल. पण त्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. बापजाद्यांनी लाकडी नांगराने पिकवलं. आता कुणीतरी सायकलवाला येऊन सांगतोय की हे महागडं लोखंड घे. चुकलं तर वर्ष कुणाचं बुडणार? सायकलवाल्याचं नाही, त्याचं. त्याला वेडा म्हणून चालणार नाही. तो त्याच्या पैशाचा आणि पोटाचा हिशोब करत होता.

अशा माणसापुढं मोठ्या अक्षरातली जाहिरात काय कामाची? नांगर चालतो हे छापून पटत नाही. नांगरलेलं रान बघून पटतं, आणि पहिल्या धाडसी शेतकऱ्याचं पीक बघून शेजाऱ्याला पटतं. म्हणजे पहिलं गिऱ्हाईक हीच पहिली जाहिरात. त्याला पैसे कमी लागतात, वेळ मात्र भरपूर लागतो.

पुढं बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आधार दिला आणि 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला. तीच किर्लोस्करवाडी. इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. राजाची मदत नसती तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणं अडलं, त्याचाही फायदा झाला. नुसत्या कल्पकतेवर धंदे उभे राहतात असं सांगणारे लोक हा भाग गाळतात. आज व्यवसायावर व्याख्यानं देत फिरणारे तर हमखास गाळतात.

पण मला खरी आवड आहे ती 1920 नंतरच्या भागाची. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, हे मुळात चित्रकार. कारखान्याच्या जाहिरातीचं काम त्यांच्याकडं होतं. त्यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं छोटं नियतकालिक सुरू केलं. उद्देश साधा धंद्याचा: कारखान्याचा माल, त्याची माहिती, वाडीतल्या घडामोडी एजंट आणि गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवायच्या. आजच्या भाषेत कंपनीचं माहितीपत्रक.

आता विचार करा. आपल्या हातात एखाद्या कंपनीचं माहितीपत्रक आलं तर आपण काय करतो? शेव गुंडाळतो. शंकररावांना हे कळलं असणार. हळूहळू त्यात लेख आले, गोष्टी आल्या, उद्योग, आरोग्य, अंधश्रद्धा, बायकांचे प्रश्न आले. लोक ते नांगरासाठी नाही, वाचण्यासाठी घ्यायला लागले. 1929 मध्ये नावातली 'खबर' गेली आणि नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. 1930 मध्ये 'स्त्री' निघालं, 1934 मध्ये 'मनोहर'. ही मासिकं मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांनी वाचली. माझ्या आजीच्या ट्रंकेत 'स्त्री'चे जुने अंक होते. नांगराच्या कारखान्याशी त्यांचा काय संबंध, हे तिला माहीतही नसेल.

एक कारखाना जाहिरात करायला निघाला आणि त्यातून पत्रकारिता जन्माला आली. आमच्याकडं आता उलटं झालंय. पत्रकारिता करायला निघालो आणि हातात जाहिरात उरली. पहिल्या पानावर वाढदिवस, आतल्या पानावर बातमीच्या वेशातला वाढदिवस. निवडणुकीत काय चालतं ते तर सांगायलाच नको. वाचक हुशार असतो, तो पान उलटतो. मग त्याच पानावर बिचाऱ्या छोट्या दुकानदाराने साडेचार हजार दिलेले असतात, तेही पानाबरोबर उलटले जातात.

त्याच काळातला दुसरा माणूस म्हणजे दादासाहेब फाळके. हेही जे. जे.चेच. सिनेमा काढायचा तर भांडवल पाहिजे आणि सिनेमा म्हणजे काय हे सावकाराला माहीत नाही. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून जास्त दिवस रोज त्याची छायाचित्रं घेतली. पडद्यावर एक-दीड मिनिटात बी फुटून वेल वर चढताना दिसला. ती फिल्म बघून भांडवल मिळायची वाट मोकळी झाली. खर्च किती? एक कुंडी, थोडी फिल्म आणि महिन्याभराची चिकाटी.

'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला मुंबईत लागला. नंतर सुरतेत खेळ ठेवला तर पहिल्या दिवशी तीनच रुपये जमले, असा किस्सा सांगितला जातो. तिथले लोक दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघायचे. दीड तासाच्या खेळाला तीन आणे कोण देणार? फाळक्यांनी वेळ लांबवली नाही, तिकीटही उतरवलं नाही. जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटो आणि दोन मैल लांबीचं चित्र, सगळं तीन आण्यांत! म्हणे गल्ला तीनशेवर गेला.

मी एकदा याचा हिशोब केला. सिनेमाची लांबी साधारण 3,700 फूट सांगतात. एका फुटात 16 चित्रं. म्हणजे 59,200. फोटोंचा आकडा खराच होता की! दोन मैल मात्र थाप. 3,700 फूट म्हणजे पाऊण मैलसुद्धा नाही. थापेचं समर्थन मी करणार नाही. पण प्रेक्षकाला पैशाच्या बदल्यात काय मिळतंय, त्यामागं किती काम आहे, हे त्याला मोजता येईल अशा भाषेत सांगितलं, ही गोष्ट महत्त्वाची.

हे सगळं मी त्या घाणेवाल्या पोराला सांगितलं, त्याच्याच दुकानात बसून. तो म्हणाला, "दादा, पण आता करायचं काय?"

आम्ही एक जुना फळा आणला. त्यावर तो रोज खडूने लिहितो: आजचा शेंगदाण्याचा भाव. एक किलो तेलाला सुमारे अडीच किलो शेंगदाणे. घाण्याची मजुरी. पेंडीचे वजा. खाली बेरीज. बस. दुसरं म्हणजे घाणा आतल्या खोलीत होता, तो रस्त्याच्या बाजूला घेतला. तिसरी कल्पना त्याच्या आईची: ज्याला विश्वास नाही त्याने घरचे शेंगदाणे आणावेत, समोर उभं राहून गाळून घ्यावं आणि पेंडही घरी न्यावी. फक्त मजुरी द्यावी.

चमत्कार झाला नाही. पिशवीतल्या तेलाशी भावात तो कधीच बरोबरी करू शकणार नाही आणि ज्याला परवडत नाही त्याला फळा वाचूनही परवडणार नाही. पण आता लोक फळ्यासमोर थांबतात, बेरीज तपासतात, भांडतात. एका मास्तरांनी तर चूक काढली, ती त्याने तिथल्या तिथं दुरुस्त केली. सुगीनंतर शेतकरी स्वतःच्या शेंगा फोडून दाणे घेऊन यायला लागले. दुकान चालू आहे. गेल्या वर्षी ते बंद करायची भाषा घरात सुरू झाली होती.

यंदा मी त्याच्याकडं पावती पुस्तक घेऊन गेलो नाही. टार्गेट दुसरीकडून भरलं, खोटं कशाला बोलू? ज्यांच्याकडून भरलं त्यांच्याही चौथाई पानात शुभेच्छाच आहेत. एकाला मात्र मी म्हटलं, फोटो काढा आणि त्या जागी तुमच्या पंपाची दुरुस्ती घरच्या घरी कशी करायची ते पाच ओळींत लिहा. तो म्हणाला, "मग माझ्याकडं दुरुस्तीला कोण येणार?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. शंकररावांना सुचलं असतं.

तुमच्या गावात असं कमी पैशांत, खरं बोलून दुकान चालवणारं कुणी असेल तर जरूर सांगा. मी स्वतः जाऊन बातमी करीन. पैसे न घेता.