तिथीची पाऊणपट

आमचे आजोबा वेल्ह्याच्या पार टोकाचे, केळदकडचे. साठी उलटेपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, पण भरतीची वेळ ते तोंडी सांगायचे. तिथीची पाऊणपट करायची, की झालं. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. हा हिशेब खाडीमुखाच्या कोळ्यांचा. महाडपर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागे, तो आजोबा वरून धरत. डोंगरातल्या माणसाला भरती कशाला हवी, असं मी एकदा विचारलं. आजी चुलीपुढूनच म्हणाली, "आरं, मीठ कुठनं यायचं मग?"

महाड म्हटलं की आता हायवे आणि एमआयडीसी आठवते. पण ते सावित्रीकाठचं जुनं बंदर. समुद्र तिथून चाळीस किलोमीटरच्याही पलीकडे, बाणकोटला. तरी भरतीचं पाणी नदीच्या पात्रातून शहराशी येऊन टेकतं. गलबतं त्या पाण्यावर वर यायची आणि ओहोटी लागली की खाली सरकायची. भारी गलबत अलीकडे दासगावलाच थांबे. उधाणात मात्र मोठी शिडंही महाडच्या धक्क्यापर्यंत येत, माल भरपूर उतरे आणि भाव पडे. म्हणून आमच्या घरचा बाजार वाराप्रमाणे ठरत नसे, अमावास्या-पौर्णिमेवर ठरे.

"बैल वरंध्यानं, माणूस मढ्यानं," असं आजोबा म्हणत. पाठीवर गोणी लादलेले बैल भोरहून हिरडोशी, शिरगाव करत वरंधा घाट उतरत. शिरगावला नीरेचा उगम मानतात. एकीकडे ती पूर्वेला निघाली आणि दुसरीकडे तांडा पश्चिमेला. आमची माणसं डोक्यावर चुंबळ ठेवून मढे घाटानं कर्णवडीकडे उतरत, पुढे बिरवाडीवरून महाड. तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेनं उमरठला नेला, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आजोबा त्या वळणावर ओझं उतरवून दोन मिनिटं उभे राहत. लगेच तंबाखूची चंची सोडत, हेही खरं.

खाली नाचणी, तूप, हिरडा जायचा. कातडी कमावायला लागणारा तो हिरडा मुंबईमार्गे थेट विलायतेला जातो, हे आजोबांना महाडच्या वखारीत कळलं होतं आणि त्याचा त्यांना उगाच अभिमान होता. वर यायचं ते मीठ, सुकट, बोंबील, नारळ. मिठाचं ओझं वाईट. चढताना पाठीवर मीठ, आणि घाम लागला की ते पाझरायला लागे. खांद्यावरची कातडी चरचरे. घरी ते बांबूच्या टोपलीत भरून चुलीच्या वर टांगत. पावसाळी हवेत टोपली ठिबकायची, खाली मडकं ठेवलेलं असे. त्यातली मिठवणी आजी आमटीला वापरायची. पाऊस लागला की समुद्र बंद, घाट बंद. तेवढ्या टोपलीवर आख्खा पावसाळा काढायचा.

बंदराचा इतिहास मोठा आहे. गावाबाहेर गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, आणि लेणी असतात तिथून जुना व्यापारमार्ग जात असतो, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. पुढे रायगड राजधानी झाला. १७५६च्या तहात बाणकोट इंग्रजांकडे गेलं, म्हणजे नदीचं तोंड एकाचं आणि पोट दुसऱ्याचं. आमच्या पंतसचिवांच्या भोर संस्थानाचाही एक पाय घाटाखाली होता, सुधागडात.

१९२७ साली आजोबा तेरा-चौदा वर्षांचे होते. त्या मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा निघाले ते धरमतरची मोटारवाट सोडून, 'पद्मावती' बोटीनं दासगावला उतरून, पुढे पायी महाडला. आजोबांच्या बोलण्यात दासगावचा धक्का शंभरदा यायचा. तळं एकदाही आलं नाही. मी खोदून विचारलं तेव्हा "आमी मिठाला गेलतो" एवढंच. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

माझा भाचा जर्मनीत हॅम्बुर्गला असतो. एल्बे नदीवरचं ते शहरही समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत आणि भरती तिथवरही चढते. त्यानं धक्क्याचा फोटो पाठवला: इमारतीएवढी जहाजं, कंटेनरचे डोंगर. मी त्याला लिहिलं, हे तर आपलं महाडच, फक्त गाळ काढलेलं! तिथे नदी खोल ठेवायला उपसा अखंड चालतो. इकडे रस्ते आले, ट्रक आले, एसटी आली, गलबतांची गरज सरली आणि सावित्री उथळ होत गेली. जुलै २०२१मध्ये तिचं पाणी घराघरात शिरलं. त्याच पावसात वरंध्याच्या पायथ्याशी तळिये गावावर दरड कोसळली. आमच्या बैलांच्या वाटेवरचं गाव.

आजोबांना समुद्र दाखवला तो आम्ही मुंबईला नेऊन, गिरगाव चौपाटीवर. दुपारचे दोन वाजले असतील. ते वाळूवर उकिडवे बसले आणि पहिला प्रश्न केला, "आज तिथी काय?"

"षष्ठी."

बोटांच्या पेरांवर अंगठा फिरला. "साडेचार."

भेळ झाली, कुल्फी झाली, पोरं कंटाळली. आजोबा हलेनात. साडेचारला पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली असतील. लाटेनं ओली केलेली वाळूची रेघ पुढे सरकायची थांबली. आजोबा थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले, मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"पाणी फिरलं. चला, आता गलबतं निघतील."