न्यू हार्टलीची खाण व अंकांचें बीजक

संशोधकानें स्थळ स्वतः पाहिलें पाहिजे, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. कै. राजवाड्यांनीं दप्तरांच्या शोधार्थ जी पायपीट केली तिनें हा पाठ महाराष्ट्रास कायमचा घालून दिला आहे. परंतु जेथें पाहण्यासारखें कांहींच शिल्लक नाहीं अशा स्थळीं जाऊन काय करावें? दुर्ग पडला तरी तटाचे चार दगड राहतात. देऊळ मोडलें तरी जोतें राहतें. कोळशाची खाण बंद पडली म्हणजे मात्र तिची विहीर बुजवितात, यंत्रें मोडींत घालतात आणि दगडमातीचे ढिगारे सपाट करून त्यांवर गवत लावितात. इंग्लंडच्या ईशान्येस नॉर्थंबरलंड व डरहॅम हे दोन परगणे शतकानुशतकें कोळशावर जगले. तेथील शेवटची खोल खाण, एलिंग्टनची, २००५ सालीं बंद झाली. ज्या भूमीच्या पोटांत पिढ्यानुपिढ्या माणसें राबलीं ती आज वरून पाहतां कुरणें व घरांच्या रांगा यांपलीकडे फारसें कांहीं सांगत नाहीं.

अशा पुसलेल्या जागा लोकांच्या नजरेस आणण्याच्या कामीं एका खेळाचा उपयोग होऊं शकेल असें आमचें मत आहे. त्या खेळास जिओकॅशिंग म्हणतात. आमच्याकडे गुप्तधनाच्या गोष्टींत बीजक असतें. अमुक पिंपळापासून अमुक दिशेस अमुक पावलें. तसेंच हें बीजक, फक्त अक्षांश-रेखांशांच्या अंकांत लिहिलेलें. अमेरिकेच्या दिशादर्शक उपग्रहांचे संदेश सामान्य लोकांपुरते पूर्वीं मुद्दाम अंधुक केलेले असत; त्यामुळें जागा ठरवितांना शंभर मीटरांपर्यंत चूक होई. ती अडवणूक मे २००० च्या आरंभीं उठली, आणि लगेच ३ मे रोजीं ऑरेगन राज्यांत डेव्ह उल्मर नांवाच्या गृहस्थानें रानांत एक बादली अर्धवट पुरून तिचे अंक इंटरनेटवर प्रसिद्ध केले. शोधणारानें डबा हुडकावा, आंतल्या वहींत नांव नोंदवावें व डबा होता तसा ठेवावा, हा मुख्य नियम. धन कसलें म्हणाल, तर किरकोळ खेळणीं.

आमचें लक्ष वेधिलें तें या खेळाच्या एका प्रकारानें. त्यांत अखेरचे अंक एकदम देत नाहींत. पहिल्या स्थळीं जाऊन शिलालेख वाचावा, त्यांतील साल किंवा संख्या घ्यावी, ती गणितांत घालावी, म्हणजे पुढील स्थळ निघतें. वाचन चुकलें कीं माणूस भलत्याच शेतांत जाऊन उभा राहतो. शिलालेखांचे ठसे घेतांना आळस करणाऱ्यांस असा दंड असता तर आमच्यांतले पुष्कळ वाद मिटते! अंकांची सूक्ष्मताही लक्षांत घेण्याजोगी आहे. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. अक्षांशाची एक कला १८५२ मीटर भरते, आणि या खेळांत कलेचे सहस्रांश देतात. म्हणजे अवघें १.८५ मीटर अंतर.

हा प्रकार एका ठिकाणीं कसा लावावा तें पाहूं. न्यू हार्टली हें नॉर्थंबरलंडमधील खेडें समुद्रापासून जवळच आहे. तेथें हेस्टर नांवाची खाण होती. तिची विहीर सुमारें ६०० फूट खोल व १२ फूट रुंद, आणि ती एकच. आंत उभी लाकडी पडदी घालून त्या एका विहिरीचे दोन भाग केले होते. एकांतून स्वच्छ हवा खालीं जाई, दुसऱ्यांतून भट्टीच्या उष्णतेनें दूषित हवा वर येई. माणसें, कोळसा, पाणी व हवा या सर्वांची वाट तीच. दुसरी विहीर खणणें म्हणजे मोठा खर्च, आणि तो टाळण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. खाणींत पाणी फार, म्हणून विहिरीच्या तोंडावर वाफेवर चालणारा प्रचंड पंप बसविलेला. त्याची बिडाची तुळई ४० टनांहून अधिक वजनाची होती व तिचा अर्धा भाग नेमका विहिरीवर आलेला होता.

१६ जानेवारी १८६२, गुरुवार, सकाळीं साडेदहाचा सुमार. पाळी बदलत होती; नवी पाळी उतरली होती व जुनी अजून पुरती वर आली नव्हती, म्हणून खालीं माणसें जवळजवळ दुप्पट होतीं. त्या वेळीं तुळई मधोमध मोडली. सुमारें २० टनांचें बीड विहिरींत कोसळलें, पडदी व बाजूचे आधार घेऊन खालीं गेलें, आणि विहीर बुजली. वर येत असलेल्या पिंजऱ्यांत ८ जण होते. त्यांतील ५ मेले. त्यांखेरीज १९९ जण खालीं अडकले. विल्यम कूल्सन या विहिरी खणण्यांत मुरलेल्या मनुष्याच्या हाताखालीं लोक रात्रंदिवस राबले. परंतु पडदी गेल्यामुळें हवेचें येणें-जाणें थांबलें होतें व आंत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु सांचत गेला. सहा दिवसांनीं, २२ जानेवारीस, मार्ग मिळाला तेव्हां एकही जीव उरला नव्हता. एका मुकादमाच्या टिपणवहींत शुक्रवारच्या दुपारची नोंद सांपडली: कांहीं जण अत्यवस्थ झाले, व सर्वांनीं मिळून प्रार्थना केली. या प्रकरणाविषयीं कागद पुष्कळ आहेत. पण ते बहुतेक विहिरीच्या काठावर उभे असणाऱ्यांनीं लिहिलेले. ही नोंद खालून आली, म्हणून तिची योग्यता आम्ही सर्वांत वरची मानतों.

त्याच वर्षीं ७ ऑगस्ट रोजीं पार्लमेंटनें कायदा केला. खाणीस निदान दोन विहिरी अथवा बाहेर पडण्याच्या दोन वाटा असाव्या, आणि त्यांमध्यें निदान १० फूट नैसर्गिक खडक असावा, असें त्यानें ठरविलें. हें अंतर किती थोडें आहे तें आपल्या बीजकाच्या भाषेंत सांगतां येतें. न्यू हार्टलीच्या अक्षांशावर रेखांशाची एक कला सुमारें १०६० मीटर भरते. म्हणजे १० फूट हा कलेच्या तिसऱ्या दशांशस्थानीं केवळ तीनचा फरक. खेळणारांच्या हातांतील यंत्रास तो पुष्कळदां ओळखूंही येत नाहीं.

आतां शोधाची मांडणी. खाणीच्या जागीं स्मृतिउद्यान आहे. तेथून दक्षिणेस चार-साडेचार किलोमीटरांवर ईर्सडन गांवीं सेंट आल्बन्सचें चर्च आहे. २६ जानेवारीस, रविवारीं, मृतांना तेथें पुरलें. आवारांत जागा पुरेना, म्हणून ड्यूक ऑफ नॉर्थंबरलंडनें लगतची जमीन दिली. तेथील स्तंभावर मृतांचीं नांवें वयांसह कोरलीं आहेत. आमच्या मतें शोधाचा आरंभ उद्यानापासून न करितां या स्तंभापासून करावा. जो आधीं उद्यानांत जाईल त्यास उद्यानच दिसेल. ग्रंथांत २०४ हा आंकडा वाचतांना डोळा सहज पुढें सरकतो. परंतु स्तंभाच्या चारी बाजूंस फिरून एकेका आडनांवाखालीं किती नांवें व काय वयें आहेत हें मोजावें लागलें, म्हणजे बाप, मुलगे व भाऊ एकाच दिवशीं उतरले होते हें वेगळें सांगावें लागत नाहीं. बीजकाचा प्रश्न म्हणून आम्ही हीच मोजणी घालूं. उत्तरावरून विहिरीच्या तोंडाचे अंक निघावे, आणि मधलें अंतर पायीं तोडावें. शवपेट्या याच दोन गांवांमधील वाटेनें आल्या, आणि त्या वाटेची लांबी हाही एक पुरावा आहे.

मढ्यांच्या जागेवर खेळ कशाला, असा आक्षेप कोणी घेईल व तो योग्यच आहे. विहिरीच्या तोंडाशीं किंवा थडग्यांपाशीं डबा मुळींच ठेवूं नये. डब्यावांचून, केवळ स्थळावरील प्रश्न सोडविण्याचाही प्रकार या खेळांत आहे; तोच येथें स्वीकारावा. दुसरी अडचण अधिक खरी आहे. अंक भूपृष्ठावरील बिंदु सांगतात. ६०० फूट खालीं थर कोणीकडे गेले, भट्टी कोठें होती, माणसें कोठें एकत्र जमलीं, यांविषयीं ते मुके आहेत. त्यासाठीं खाणीचा छेद दाखविणारा नकाशा व मृत्यूंच्या चौकशीचे कागद पाहिले पाहिजेत. नकाशाची नक्कल शोधणारानें ईर्सडनहून सोबत न्यावी, पण विहिरीशीं पोहोंचेपर्यंत उघडूं नये.