मुंबईच्या सेंट थॉमस देवालयाचा पहिला नाताळ

मुंबईचें सेंट थॉमस हें इंग्रजी पंथाचें देवालय, गव्हर्नर आँजिअर याच्या काळीं आरंभिलेलें व पाद्री रिचर्ड कॉब यानें तडीस नेलेलें, इ. स. १७१८ च्या नाताळास, २५ डिसेंबरीं, उपासनेस खुलें झालें. ही तारीख जुन्या ज्यूलियन गणनेची होय. इंग्रजांनीं ती गणना १७५२ त सोडली. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांतच सोडली होती. अंतर ११ दिवसांचें. म्हणून पोर्तुगीजांच्या वसईस नाताळ झाला त्या रविवारीं मुंबईकर इंग्रज १४ डिसेंबर लिहीत होते. नाताळपूर्व आगमनकाळाच्या चार रविवारांपैकीं त्यांचा तो तिसरा. देवालय उघडल्याचा दिवस नव्या गणनेनें ५ जानेवारी १७१९ येतो. दोहींकडील कागद जुळवितांना हें न पाहिल्यास घटनांचा क्रम उलटा लागेल, एवढेंच आम्हांस संग्राहकांस सुचवावयाचें आहे.