लाकडाचे बंदर आणि खाडीचे कुलूप

कल्याणच्या दुर्गाडी पुलावरून जाताना माझी नजर नेहमी खाली खाडीकडे वळते. या पाण्यावरून एकेकाळी लाकूड आणि धातू परदेशी जात असत, हे आज कुणाला सांगूनही खरे वाटत नाही.

सहाव्या शतकातला व्यापारी कॉस्मस ‘कल्लियाना’ बंदरातून तांबे, लाकडाचे ओंडके आणि कापड बाहेर जाते असे लिहितो. हे लाकूड शिसवी असावे आणि हे बंदर म्हणजे आपले कल्याण, असे अभ्यासक मानतात. कल्याणच्या मागे मुरबाड-शहापूरची सागाची जंगले आणि पुढे भरती-ओहोटीची खाडी. बंदराला आणखी काय हवे?

हवी होती ती समुद्राची वाट. कल्याणहून समुद्र गाठायचा तर एक वाट वसईच्या खाडीतून जाते, दुसरी ठाण्याच्या खाडीतून. या वाटा दुसऱ्याच्या हाती गेल्या की बंदर कोंडलेच म्हणून समजा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथातही कल्याणला येणारी जहाजे अडवून पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी नोंद आहे.

पुढे १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथे लढाऊ जहाजे बांधायला काढली. लाकूड जवळ होते, पण वसई आणि ठाणे ही दोन्ही ठिकाणे पोर्तुगीजांकडे होती. जहाजांच्या कामावर महाराजांनी व्हिएगस नावाचे पोर्तुगीज बापलेक नेमले होते. वसईच्या कप्तानाने त्यांना फितवले आणि ते आपल्या माणसांसह काम सोडून निघून गेले. तरीही महाराजांनी आरमार उभे केलेच. पुढे त्याची मोठी ठाणी मात्र विजयदुर्ग, सिंधुदुर्ग अशी थेट समुद्रात राहिली. त्यामागे कल्याणचा हा धडा असावा, असे मला वाटते.

१ मे १८५४ रोजी रेल्वे कल्याणला पोहोचली. मुंबईला माल न्यायला आता खाडीची गरज उरली नाही. कुलूप निघाले, पण तोवर दारच बदलले होते.

दगडी किल्ल्याचे अवशेष उरतात, लाकडी बंदराचे उरत नाहीत. म्हणून पुलावर गाडी अडकली तर वैतागू नका. क्षणभर खाली पाहा. आपल्या आरमाराची सुरुवात त्या पाण्यावर झाली आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)