कडेवरचं भावंडं आणि कोसबादची शाळा

शनिवारी बोईसरला घरी गेलो होतो. शेजारी बिल्डिंगचं काम चालू आहे. तिथे सात-आठ वर्षांची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन उभी. "शाळेत नाही जात?" विचारलं, तर नुसतं भावाकडे बघितलं. मला एकदम अनुताई वाघ आठवल्या.

त्यांचं 'कोसबादच्या टेकडीवरून' हे आत्मचरित्र कॉलेजात असताना वाचलं होतं. कोसबाद आपल्या शेजारच्याच डहाणू तालुक्यातलं, हेही मला तेव्हाच कळलं! जन्म १९१०, तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. तरी शिकल्या, पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आल्या, तिथून पुढे कोसबादला.

आदिवासी पाड्यांवरच्या मुली शाळेत का येत नाहीत? कारण घरी धाकटं भावंडं सांभाळायचं असतं. या दोघींनी आईबापांना लेक्चर दिलं नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, नाव विकासवाडी. ताईने भावाला घेऊनच यायचं, तो पाळण्यात, ती वर्गात. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर थेट कुरणातच शाळा भरवली.

आम्ही सॉफ्टवेअरवाले युजरची अडचण समजून घ्यायला मीटिंगा घेतो. या बायका पाड्यावर जाऊन बसल्या.

अनुताई १९९२ मध्ये गेल्या. काल मुकादमाला विचारलं, साइटवर पाळणाघर आहे का? तो हसला. असो. पुढच्या शनिवारी पुन्हा विचारणार आहे.